समान अंधार

फिजिक्सच्या डार्क रूममध्ये एकोणतीस वर्षं
मी काळे पडदे ओढत आलो.
बाहेर सिव्हिल लाइन्सचं डांबर चपलेला चिकटायचं,
आत सोडियमचा दिवा
आधी गुलाबी, मग दहा मिनिटांनी पिवळा.
पोरं घाई करतात. दिवा करत नाही.

मला डिग्री नाही. नळ्या धुता धुता शिकलो.
धोटे मॅडम नव्या बॅचला सांगायच्या,
मी दाराशी, स्टुलावर:
उजेड जातो सरळ, थरथरतो मात्र आडवा,
या अंगानं, त्या अंगानं, हजार अंगांनी,
बर्डीवर दिवाळीच्या आधी माणसं हलतात तसा.
ही काच त्यातलं एकच अंग पुढे जाऊ देते.
तिच्यापुढे दुसरी काच काटकोनात धरा:
काही नाही. दिवा जळतोय, आणि काही नाही.

मग त्या दोन्ही हातांनी दोन थरथरी काढायच्या,
एक उभी, एक आडवी.
पावलाला पाऊल जुळलं तर तिरपी रेघ.
एक पाव पाऊल मागे राहिली
तर रेघ वाकते, गोल फिरायला लागते.
जोर कमी-जास्त असला तर लांबोडकं काहीतरी,
आंब्याच्या कोयीसारखं.
पाव पाऊल.
हा शब्द मी डब्यासोबत घरी नेला.
चंद्रकलाला सांगितला. ती म्हणाली,
भाजी आणायची राहिली.

डोळ्याला यातलं काही कळत नाही.
मधमाशीला कळतं म्हणे. आपल्याला उजेड म्हणजे उजेड.

फेब्रुवारीत, मृग बहाराच्या दिवसांत
भोयरांची वैभवी संत्र्याच्या तेलाची बाटली घेऊन आली.
कळमेश्वरला तिच्या बाबांचा लहानसा कारखाना,
सालीचं तेल काढतात, सेंटवाल्यांना विकतात.
नळी भरली. बुडबुडा एका टोकाला सारला.
तेल स्वच्छ होतं. वास असा
की पडद्यांना आठवडाभर राहिला.

नळीतून पाहिलं की दोन अर्धगोल दिसतात,
एक उजळ, एक काळा.
फिरवत जायचं, दोन्ही सारखे होईपर्यंत.
समान उजेडही सापडतो मधे,
पण तो फसवा, तिथे नजर सैल पडते.
समान अंधार शोधायचा.
केसभर सरकलं तरी तिथेच कळतं.

चांगलं तेल उजेडाला उजवीकडे वळवतं,
सत्तरच्या आसपास अंश. मॅडमच्या वहीत होतं.
वैभवीचं आलं अठ्ठावन्न.

काका, दिवा गरम झाला नसंन.
थांबलो. पंखा बंद होता, घाम मानेवरून पाठीत.
नळी धुतली, पुन्हा भरली.
आता तुम्ही पाहा.
मी पाहिलं. अठ्ठावन्न आणि वर थोडं.

तेलात काय मिसळलं असेल, कोणी, कधी,
ते यंत्र सांगत नाही. मीही बोललो नाही.
तिनं वही उघडली.
पेन बराच वेळ कागदाच्या वर राहिलं, टेकलं नाही.
मग अठ्ठावन्न लिहिलं. पुढे पॉइंट, पुढे दोन.
उरलेलं तेल बाटलीत ओतून
बूच इतकं घट्ट लावलं की बोटं पांढरी पडली.

त्याच महिन्यात चंद्रकलाच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
दुसऱ्याचा अजून बाकी.
रात्री ती खाटेवर बसून
एक डोळा झाकते, मग दुसरा,
ट्यूबलाइटकडे बघत.
यानं पांढरा दिसते, यानं पिवळा.
खरा कोणता व्हय जी?

मी उठलो, तिच्यापाशी गेलो,
आणि हात तिच्या कानाजवळ कधी गेला कळलं नाही,
बोटं चाचपत होती
गोल, दातेरी, पितळेचं काहीतरी
जे फिरवता येईल.